पत्रकारितेचं उन्हाळी शिबिर, नऊ शिट्ट्या आणि न झालेली पायपीट

खारपाणी | २३ मे, दुपारी २.१०

नमस्कार. आयडी माझ्या आत्याचा आहे. ती इथं पाककृतींवर लिहिते. आज लिहून मी राहिली, तिची भाची. वय सोळा, दहावी झाली. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठच्या काळ्या मातीत. नाव का सांगत नाही ते पुढं कळेलच.

तालुक्याच्या एका वाचनालयानं मे महिन्यात दहा दिवसांचं पत्रकारिता शिबिर ठेवलं होतं. फी तीनशे रुपये, दुपारचं जेवण त्यातच. आम्ही एकोणीस जण होतो, त्यात पोरी सहा. बाबा म्हणाले, "कायले जातं? टीव्हीवर बोंबलाले?" आईनं पिठाच्या डब्यातून पैसे काढून दिले.

शाळा असली की मानव विकास योजनेची, शाळेच्या पोरींसाठीची निळी बस येते, सुट्टीत ती बंद. म्हणून सकाळी साडेसहाची साधी एसटी, बायांचं हाफ तिकीट. ती चुकली की नऊपर्यंत काहीच नाही. मी दोनदा चुकवली.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी माइक हातात देतील. सर म्हणजे एका पेपरातून निवृत्त झालेले उपसंपादक. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले, फळ्यावर कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा ककार लिहिले अन् म्हणाले, बसस्टँडवर जा, एक तास बसा, वीस ओळी लिहून आणा, एकही विशेषण नको. मी पहिलीच ओळ लिहिली, "गजबजलेलं बसस्थानक." लाल पेनानं शेजारी आलं: "किती माणसं?" मी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी परत गेली. एक्केचाळीस माणसं, छताला तीन पंखे, फिरणारा एक, अन् त्या एकाखाली एकोणीस जण दाटीवाटीनं. सरांनी काहीच खोडलं नाही. मला एवढा आनंद दहावीच्या गणिताच्या पेपरातही झाला नव्हता.

मधले दिवस पटकन सांगते. प्रूफच्या खुणा, मथळ्यात अक्षरं मोजणं, मुलाखत घेताना हो-नाहीत संपणारा प्रश्न विचारायचा नाही. एका रात्री छापखाना पाहायला नेलं. कागदाचं एकेक रीळ आमच्या घरच्या कणगीएवढं. लांबच्या गावांची डाक आवृत्ती आधी छापतात, म्हणून आमच्या गावच्या पेपरात रात्रीची बातमी कधीच नसते, हे तिथं कळलं. बाबा इतकी वर्षं म्हणत, "पेपरवाले झोपून राह्यते."

आता खरं ते. शेवटच्या चार दिवसांत प्रत्येकानं आपल्या गावची एक बातमी आणायची होती. मी पाणी घेतलं. आमच्याकडं पाणी नाही असं नाही. हापशी घरापासून चाळीस पावलांवर, बाराही महिने चालते. पण पाणी खारं. स्टीलचा गिलास दोन दिवस तसाच ठेवला तर पांढरी कडी दिसते. कूलरच्या गवताच्या ताट्या महिन्याभरात दगडासारख्या होतात. प्यायचं गोड पाणी नळाला येते, पण आठ-दहा दिवसांनी.

शेजारच्या आजीला विचारलं, त्रास काय? ती म्हणे, "पेवाचं भागते वो माय. डाय गलत नाही. मी तं चुलीवरच ठेवतो, गॅस कायले जाळू." डाळ गळत नाही, हे मी जन्मापासून ऐकते. सर म्हणाले, "मोज."

म्हणून मोजलं. एकाच पुडक्यातली तुरीची डाळ, एकच वाटी, दोन वाट्या पाणी, तोच तीन लिटरचा कुकर, तीच शेगडी. नळाच्या पाण्यात चार शिट्ट्यांत डाळ मेण झाली. हापशीच्या पाण्यात नवव्या शिट्टीनंतर झाकण काढलं तर दाणा दाणा वेगळा, बोटानं दाबला तर मधात पांढरा कणी. सर म्हणाले, अजून दोनदा कर. केलं. आई ओरडली, पण घरी तीन दिवस वरणच वरण. आरओ दुरुस्तीवाल्या भाऊकडचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात क्षार किती ते दाखवणारा, मागून आणला. हापशीचा आकडा दोन हजाराच्या वर गेला, नळाचा तीनशेच्या आत.

माझी पहिली ओळ होती: "एकाच डाळीला नळाच्या पाण्यात चार शिट्ट्या लागतात, हापशीच्या पाण्यात नऊ शिट्ट्यांनंतरही ती शिजत नाही." सरांनी तो मजकूर एका पेपरला पाठवला. पाच दिवसांनी छापून आला. सिंगल कॉलम, पान सहा, गावाच्या नावासकट. मथळा: "भीषण पाणीटंचाई, महिलांची पायपीट". शिट्ट्या गायब. आजीचं नाव होतं, अन् ती म्हणे "हंडाभर पाण्यासाठी वणवण भटकते".

सकाळी आजी दारात. "मी कधी पायपीट केली वो? लोक म्हणतीन बुढीले लेक-सून पाणी आणून देत नाही." दुपारी पंचायतीतून बाबांना फोन. बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मला विचारायचं आहे, चूक कोणाची? माझी का?

---

मूर्तिजापूरकर | २३ मे, दुपारी ३.०२

पोरी, पैले तुले शाबासकी. कुकर घेऊन बातमी करणारं पोट्टं मी पहिल्यांदा पाहून राह्यलो. चूक तुयी कायले?

---

शुद्धलेखन | २३ मे, दुपारी ३.४०

आशय चांगला आहे. फक्त 'मी गेली', 'मी लिहून राहिली' असं नको. 'मी गेले', 'मी लिहीत आहे'. पत्रकार व्हायचं असेल तर प्रमाणभाषा हवी.

---

मूर्तिजापूरकर | २३ मे, दुपारी ३.४४

तिच्या आजीले सांगा हे, नऊ शिट्ट्या देऊन.

---

डेस्कवरचा म्हातारा | २३ मे, सायं. ६.१५

बेटा, मी तुझे सर नव्हे, पण त्याच जातकुळीतला. एकवीस वर्षं ग्रामीण पान लावलं. तुझ्या बातमीचं काय झालं असेल ते सांगतो.

मजकूर आला असेल अडीचशे शब्दांचा. रात्री साडेआठला जाहिरात आली, जागा उरली साठ शब्दांची. डेस्कवर एकटा माणूस, समोर चार तालुक्यांचे मजकूर, डाक आवृत्ती सुटायला चाळीस मिनिटं. मे महिना, विदर्भ, पाणी हे तीन शब्द दिसले की हात आपोआप 'भीषण' टाइप करतो. ते वाचून ठरवलेलं नसतं, बोटांना सवय असते. मी स्वतः किती गावांतल्या बाया फुकट चालवल्या असतील देव जाणे.

याला समर्थन समजू नकोस. आजीच्या तोंडी जे घातलं ते चुकीचंच. खुलासा छापून आण. संपादकांच्या नावे पत्र लिही: तारीख, पान, मथळा, काय छापलं, मूळ काय होतं. पाच ओळींच्या वर नको. सोबत मूळ मजकुराची प्रत जोड. राग कागदावर दिसू देऊ नकोस, तो दिसला की पत्र बाजूला पडतं.

आणि एक. शिट्ट्यांची ओळ पहिली होती हे बरोबर केलंस, कारण बातमी कापतात ती खालून. तरीही ती गेली, म्हणजे कापणाऱ्यानं वाचलंच नाही.

---

तालुका वार्ताहर | २३ मे, रात्री ९.३०

साहेबांनी डेस्कची बाजू सांगितली, आता खालची ऐका. आम्हाला बातमीचे पैसे नाहीत. जाहिरातीवर कमिशन आहे. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला अन् पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या त्याच सरपंचाकडून, ज्याच्या गावच्या हापशीची बातमी लिहायची. मंग आमची टंचाईची बातमी अशी असते की कोणाचंच नाव येत नाही: 'भीषण', 'घशाला कोरड', 'प्रशासन सुस्त'. प्रशासन कोण, तं कोणीच नाही. कोणी रागवत नाही.

या पोरीच्या बातमीत गावाचं नाव आलं, आजीचं नाव आलं. म्हणून फोन आला. माझ्या अकरा वर्षांत मला पाण्याच्या बातमीवर एकही फोन आला नाही. आज जरा वाईट वाटून राह्यलं.

---

साधा वाचक | २३ मे, रात्री १०.०५

सोळा वर्षांच्या पोरांना या भानगडीत कशाला ओढायचं? दोन पैसे मिळतील असं काही शिकवा. मोबाइल हातात धरून 'आम्ही आलो आहोत अमुक गावात' करणारे गल्लोगल्ली झालेत, त्यात अजून एकोणीस.

---

डेस्कवरचा म्हातारा | २३ मे, रात्री १०.४०

साधे वाचक, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढला तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. आणि पोरींचं म्हणाल तर तानुबाई बिर्जे यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नवऱ्यामागे 'दीनबंधु' चालवून दाखवला. आपल्याकडचंच हवं असेल तर १९१८ साली यवतमाळातून बापूजी अण्यांनी 'लोकमत' साप्ताहिक म्हणून काढलं. तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यात पेपर पोचणं हीच बातमी होती.

त्या मोबाइलवाल्यांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पण ते कुठं मोजतात?

---

केमिस्ट्रीवाली | २४ मे, सकाळी ७.२०

मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सगळे कौतुक करत आहेत, मी एक काडी घालते. बाळा, तुझ्या मजकुरात 'खाऱ्या पाण्यामुळे डाळ शिजत नाही' असं वाक्य होतं का? असेल तर ते अर्धवट आहे.

खारं आणि जड हे दोन वेगळे गुण. जिभेला खारट लागतं ते मुख्यतः सोडियम आणि क्लोराइडमुळे. डाळ अडते ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, म्हणजे जडपणामुळे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन सुटतं आणि डाळ गळते. कॅल्शियम त्याला उलट आवळून धरतं. म्हणून आपल्या आया चिमूटभर खायचा सोडा टाकतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, पुष्कळ ठिकाणी पाणी दोन्ही असतं, म्हणून लोकांनी एकच शब्द ठेवला. पण छापताना वेगळं केलं पाहिजे.

टीडीएस मीटर हे वेगळं करून सांगत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. नळाच्या पाण्यात मीठ टाक, आकडा तुझ्या हापशीएवढा जाईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचा क्रमांक १०५०० आहे. त्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. जडपणा २००, आणि नाइलाजानं ६००. तुझ्याकडे पहिला आकडा आहे, दुसरा नाही, आणि डाळीची बातमी दुसऱ्या आकड्याची आहे.

घरच्या घरी: दोन बाटल्यांत दोन्ही पाणी, साबणाच्या चुऱ्याची सारखी चिमूट, सारखं हलव. जड पाण्याला फेस धरणार नाही. एकाच पुडक्यातली डाळ घेतलीस ते फार शहाणपणाचं केलंस, कारण जुनी डाळ कोणत्याही पाण्यात आडमुठी असते.

---

खारपाणी | २४ मे, सकाळी ११.५०

मॅडम, वही काढून पाहिली. वाक्य तसंच होतं. "खाऱ्या पाण्यामुळे." म्हणजे पेपरनं ते कापलं नसतं तर माझीच चूक छापून आली असती.

बाटल्या केल्या. नळाच्या पाण्याला चार बोटं फेस. हापशीच्या पाण्यावर दह्यासारखे कण तरंगले अन् वर मळकट साय. आजीनं पाहिलं अन् म्हणाली, "म्हणून माह्ये केस असे झाडूसारखे." राग गेला वाटते.

---

पुणेरी पाहुणा | २४ मे, दुपारी १.१५

बाहेरच्याचा प्रश्न: खारं पाणी आहे हे इतकं जुनं माहीत असताना तिथं लोक प्यायला काय वापरतात?

---

मूर्तिजापूरकर | २४ मे, दुपारी १.३८

सातपुड्याच्या पायथ्याशी धरणं आहेत, वान, शहानूर अशी. तिथून पाइपानं प्रादेशिक योजनांचं पाणी खाली गावोगाव येते. पैले पावसाचं पाणी विहिरीत वरच्या थराले थोडं गोड लागे, खाली गेलं की खार. माह्या आज्याच्या काळी सोयरीक जुळवताना पाह्यत की पोराच्या गावची विहीर गोडी हाय का.

---

झेडपीची शाळा | २४ मे, दुपारी ४.००

माहिती अधिकारात विचार ना. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर. कायद्यात नागरिक म्हटलं आहे, वयाची अट नाही. विचार: गेल्या तीन वर्षांत आमच्या हापशीचं पाणी कधी तपासलं, अहवालाची प्रत द्या. "पाणी खारं का आहे" असं विचारू नको. 'का'ला उत्तर देत नाहीत, कागद असेल तर तो देतात.

---

जलसुरक्षक नव्हे | २४ मे, रात्री ८.२५

अर्जाच्या आधी गावातच बघ. जल जीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, त्यात प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे अन् एक फील्ड टेस्ट किट द्यायची आहे. आमच्या गावच्या पाचांत मी आहे. किटमध्ये जडपणाची तपासणी असते: नमुना घ्यायचा, थेंब टाकायचे, रंग बदलेपर्यंत मोजायचे. शाळकरी पोरालाही जमते. तुमच्या गावात ती किट कुठी आहे, अन् पाच जणी कोण, एवढं विचार.

---

साधा वाचक | २४ मे, रात्री ९.१०

आता मलाही उत्सुकता आहे.

---

खारपाणी | २७ मे, दुपारी १२.३०

उशीर झाला. नवतपा लागला, ऊन असं की दुपारी कुत्रं बाहेर दिसत नाही, अन् काल दिवसभर लाइट नव्हती.

किट सापडली. पंचायतीत म्हणाले शाळेत, शाळेला सुट्टी, शिपाई म्हणाले अंगणवाडीत. अंगणवाडीच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात, वर रिकामी पोती, शेजारी पोलिओच्या वेळचे बॅनर. निळी प्लास्टिकची पेटी. तिच्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी, नखानं काढली तर कर्रकर्र आवाज आला. आतल्या बाटल्या भरलेल्या. जडपणाच्या बाटलीवरची मुदत मागच्या ऑगस्टमध्ये संपलेली. मी वहीत तीनदा तपासून लिहिलं, फोटो काढला, ताईंना विचारून.

पेटीच्या झाकणात प्रशिक्षण घेतलेल्या पाच जणींची यादी होती, सह्यांसकट. तिसरं नाव माझ्या आत्याचं आहे. हा आयडी जिचा, ती.

आता काय करू? सरांना फोन लावला, लागला नाही.

---

डेस्कवरचा म्हातारा | २७ मे, दुपारी १.०५

हा प्रश्न शिबिराच्या फळ्यावर नसतो. पहिली गोष्ट, मुदत संपलेल्या द्रावणानं तपासून आकडा छापू नकोस. दुसरी, पाचही जणींशी बोल, एकट्या आत्याशी नको, आणि आत्याला सवलतही नको. पंचायतीचं म्हणणं घे, ते देत नसतील तर 'दिलं नाही' असं लिही. आत्या तुझी नातलग आहे हे ज्या पेपरला देशील त्याला आधी सांग. तिचं नाव घालायचं तर तिला विचारून.

---

केमिस्ट्रीवाली | २७ मे, दुपारी १.४०

बाटलीभर पाणी अकोल्याला कोणासोबत पाठव. स्वच्छ बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, तोंडापर्यंत भरून. कॉलेजची प्रयोगशाळा जूनमध्ये उघडते, मी जडपणा काढून देते. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि कोणती हापशी ते लिही.

---

खारपाणी | २७ मे, रात्री ९.१५

(आत्या लिहून राह्यली) हो, सही माहीच आहे. खोटं कायले बोलू. तालुक्याले नेलं होतं जीपमध्ये, एक साहेब आले, थेंब टाकून दाखवले, आमचा फोटो काढला, आलुबोंडा अन् चहा दिला, साडेचारले परत. मंग पेटी आली ते कोणी सांगितलंच नाही, अन् आम्हीही विचारलं नाही. इथं मी वऱ्हाडी पातोडीची कृती टाकली होती तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, डाळ भिजत का नाही. मले तेव्हाच कळाले पाह्यजे होतं.

पोरी, लिही. नावासकट लिही. फक्त आलुबोंडा नको लिहू, बरं दिसत नाही.

---

खारपाणी | २७ मे, रात्री ९.२२

मी आहे. उरलेल्या चौघींशी उद्या बोलते. दोघींनी आताच फोनवर सांगितलं, त्यांनाही आलुबोंडाच आठवते.

लिहिणार.